नेम कशाने साधतो?

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाजवळून सुटणाऱ्या लाँच समुद्र ओलांडून रायगड जिल्ह्यातील मांडव्याच्या धक्क्याला लागतात. या दोन ठिकाणांमधील सरळ अंतर सुमारे १४ किलोमीटर आहे. समजा, एखाद्या लाँचचे तोंड निघतानाच योग्य दिशेपासून केवळ एका अंशाने ढळले आणि पुढे कोणीही सुकाणूला हात लावला नाही, तर मांडव्याच्या किनाऱ्यापाशी येईपर्यंत ती धक्क्यापासून जवळजवळ अडीचशे मीटर बाजूला गेलेली असेल. आरंभीची चूक डोळ्यांना जाणवणारही नाही एवढी लहान असते. परंतु अंतर जसजसे वाढते, तसतशी ती वाढत जाते. सुदैवाने लाँचवर सारंग असतो. तो धक्क्यावर दृष्टी ठेवून वाटेतच दिशा सुधारून घेतो. पिस्तुलातून सुटलेल्या छर्र्याला मात्र सारंग नसतो. तो सुटला, की त्याची चूक सुधारण्याची संधी संपली. म्हणून नेमबाजाला आपली सारी काळजी छर्रा सुटण्यापूर्वीच घ्यावी लागते.

नेमबाजीच्या अनेक प्रकारांपैकी १० मीटर एअर पिस्तूल हा प्रकार नवशिक्यांना सामान्यतः प्रथम शिकवतात. या पिस्तुलात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोराने शिशाचा ४.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा बाहेर फेकला जातो. नेमबाजाने उभे राहून, कोणताही आधार न घेता, एकाच हाताने पिस्तूल धरायचे असते. समोर १० मीटरवर लक्ष्यपट असतो. त्यावर एकात एक अशी दहा वर्तुळे असतात. सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा व्यास १५५.५ मिलिमीटर, तर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा असतो. पिस्तुलाची दिशा एका अंशाने चुकली, तर छर्रा मध्यापासून सुमारे साडेसतरा सेंटिमीटर दूर, म्हणजे सर्व वर्तुळांच्या बाहेर जातो. अंशाच्या केवळ दहाव्या भागाची चूक झाली, तरी तो साडेसतरा मिलिमीटर दूर जातो आणि दहा गुणांऐवजी आठच पदरी पडतात.

अचूकतेचा विचार करण्यापूर्वी सुरक्षिततेचा विचार झाला पाहिजे. एअर पिस्तूल हे खेळाचे साधन आहे, खेळणे नव्हे. त्याचा छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. म्हणून नेमबाजी मान्यताप्राप्त मैदानावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकावी. पिस्तूल भरलेले असो वा रिकामे, त्याची नळी सदैव लक्ष्याच्याच दिशेने असली पाहिजे. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये. आज्ञा मिळाल्याशिवाय छर्रा भरू नये. ‘थांबा’ अशी आज्ञा होताच पिस्तूल रिकामे करून, ते रिकामे असल्याचे दिसेल अशा रीतीने मेजावर ठेवावे आणि मागे सरावे. समोर कोणीही मनुष्य असताना पिस्तुलाला स्पर्शसुद्धा करू नये. हे नियम ज्याच्या अंगवळणी पडले नाहीत, त्याचा नेम कितीही चांगला असला, तरी त्याला नेमबाज म्हणता येत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिली गोष्ट उभे राहण्याची. पाय साधारण खांद्यांच्या रुंदीइतके अंतर ठेवून रोवावेत, गुडघे ताठ पण सहज असावेत आणि शरीराचा भार दोन्ही पायांवर सारखा असावा. मोकळा हात खिशात किंवा कमरपट्ट्यात अडकवावा, म्हणजे तो लोंबकळत नाही. शरीर योग्य दिशेला आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. रिकामा हात एखाद्या दूरच्या खुणेकडे उचलावा, डोळे मिटावेत, हात खाली घेऊन पुन्हा सहजपणे वर उचलावा आणि मग डोळे उघडावेत. हात खुणेच्या डावीकडे किंवा उजवीकडे गेलेला दिसला, तर मनगट वाकवून तो खुणेवर आणू नये. पाय थोडे सरकवून सारे शरीरच वळवावे. ओढूनताणून खुणेवर आणलेला हात दमतो आणि दमला की आपल्या मूळच्या दिशेला परत जाऊ पाहतो.

दुसरी गोष्ट मुठीची. हस्तांदोलन करताना आपण दुसऱ्याचा हात जितक्या घट्टपणे धरतो, साधारण तितक्या घट्टपणे पिस्तूल धरावे. मूठ फार सैल असली, तर पिस्तूल हातात फिरते. फार आवळली, तर हात कापू लागतो. मनगट मात्र ताठ असावे. महत्त्वाचे हे, की प्रत्येक वेळी मूठ सारखीच असली पाहिजे.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. येथे नवशिक्याची बहुधा फसगत होते. पिस्तुलाच्या मागील बाजूस खाच असलेली एक पट्टी असते आणि नळीच्या टोकाजवळ एक लहानसा उभा दांडा असतो. पुढचा दांडा मागच्या खाचेत बरोबर मधोमध दिसला पाहिजे. त्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच फट असावी आणि दोहोंची माथी एका रेषेत असावीत. खाच, दांडा आणि लक्ष्य या तीन वस्तू तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि मनुष्याचा डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो. हात लांब करून अंगठा उभा धरावा आणि त्याच्यावर दृष्टी स्थिर करावी. मागचे झाड अंधुक होते. झाडाकडे पाहावे, अंगठा अंधुक होतो. मग नेमबाजाने स्पष्ट काय पाहावे? नवशिक्या म्हणतो, लक्ष्य. अनुभवी नेमबाज म्हणतो, पुढचा दांडा.

याचे कारण गणितात आहे. खाच आणि दांडा यांच्यामधील अंतर सुमारे ३३ सेंटिमीटर धरू. लक्ष्य १० मीटरवर, म्हणजे या अंतराच्या तीसपट दूर आहे. दांडा खाचेच्या मध्यापासून केवळ एक मिलिमीटर सरकला, तर लक्ष्यावर ती चूक सुमारे तीस मिलिमीटरची होते आणि दहाऐवजी सात गुण मिळतात. याउलट, दांडा आणि खाच यांचा मेळ कायम राहून सारे पिस्तूलच एक मिलिमीटर बाजूला सरकले, तर छर्राही एक मिलिमीटरच बाजूला लागतो. म्हणजे हात किंचित हलल्याने होणारे नुकसान थोडे. मेळ बिघडल्याने होणारे नुकसान त्याच्या तीसपट. म्हणून दृष्टी पुढच्या दांड्यावर ठेवावी आणि लक्ष्य थोडे अंधुक दिसले तरी दिसू द्यावे. बहुतेक नेमबाज लक्ष्याच्या काळ्या भागावर नेम न धरता त्याच्या खालच्या पांढऱ्या जागेत धरतात. कारण काळ्यावर काळा दांडा नीट दिसत नाही, पांढऱ्यावर तो ठळक उठून दिसतो.

चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट चाप ओढण्याची. कोणत्याही मनुष्याचा हात पूर्ण स्थिर राहत नाही. हृदयाचे ठोके, श्वास आणि स्नायूंचा ताण यांमुळे दांडा लक्ष्याखाली सारखा हलत राहतो. जगज्जेत्या नेमबाजाचाही हात हलतो. फक्त कमी हलतो. नवशिक्याला हे ठाऊक नसते. दांडा योग्य जागी येताच, ‘हाच तो क्षण!’ असे वाटून तो चापाला हिसका देतो. त्या हिसक्याने सारी मूठ आवळली जाते, नळीचे टोक खाली जाते आणि उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा छर्रा बहुधा खाली डावीकडे लागतो. नेम चुकला तो डोळ्यामुळे नव्हे, घाईमुळे.

यावर उपाय एकच. थरथर आहे हे मान्य करावे, आणि ती चालू असतानाच चापावरचा दाब सरळ मागे, हळूहळू आणि सारख्या गतीने वाढवीत जावे. चापावर तर्जनीच्या टोकाचा मांसल भाग असावा आणि हाताचे दुसरे कोणतेही बोट हलू नये. स्पर्धेच्या नियमांप्रमाणे एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम वजन पेलेल इतका जड असावा लागतो. हा अर्ध्या किलोचा दाब एकदम न देता थेंबाथेंबाने द्यावा. छर्रा नेमका कोणत्या क्षणी सुटला, याचे आपले आपल्यालाच किंचित नवल वाटले, तर चाप बरोबर ओढला गेला असे समजावे. छर्रा न भरता, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हा सराव शेकडो वेळा करतात. समोर लक्ष्यच नसल्यामुळे गुणांचा मोह नसतो आणि चाप ओढताना दांडा हलला की नाही, हे स्वच्छ दिसते.

श्वासाचीही या कामी मदत होते. हात वर नेताना श्वास घ्यावा, तो खाली आणताना थोडा सोडावा आणि मग क्षणभर थांबावे. या विरामाचे पहिले सहा ते आठ सेकंद उत्तम. त्यानंतर डोळ्यांपुढील आकृती अस्पष्ट होऊ लागते आणि हाताची थरथर वाढते. तेवढ्यात छर्रा सुटला नाही, तर हट्टाने चाप ओढू नये. हात खाली घ्यावा, विसावा घ्यावा आणि पुन्हा प्रारंभ करावा. नवशिक्याला हात खाली घेणे हा पराभव वाटतो. वस्तुतः न मारलेला वाईट छर्रा हाही एक प्रकारे मिळवलेला गुणच होय. तसेच, छर्रा सुटताच हात पाडू नये. चाप सुटल्यानंतरही छर्रा क्षणार्ध नळीतच असतो. म्हणून आणखी एक-दोन सेकंद डोळा, मूठ आणि हात होते तसेच ठेवावेत.

आपली प्रगती कशी ओळखावी? प्रत्येक छर्र्याचे गुण मोजून नव्हे. पाच छर्रे मारावेत आणि त्यांची छिद्रे कशी पडली ते पाहावे. छिद्रांचा पुंजका जवळजवळ पडला असेल, पण तो मध्यापासून दूर असेल, तर नेमबाजाची कृती चांगली आहे. मागची खाच थोडी सरकवली, की पुंजका मध्याकडे येईल. परंतु छिद्रे चहूकडे विखुरली असतील, तर खाच सरकवून उपयोग नाही. कृतीतच कोठेतरी फरक पडत आहे. एखादा छर्रा चुकून मध्यभागी लागला, त्याचा अभिमान धरू नये. पाच छर्रे एकाच जागी लागले, त्याचा धरावा. अनेक नेमबाज रोजच्या सरावाची वही ठेवतात, ती याचसाठी.

मांडवा ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील पनवेल येथे सुमा शिरूर यांनी ‘लक्ष्य शूटिंग क्लब’ स्थापन करून अनेक मुलामुलींना नेमबाजीचे शिक्षण दिले. त्या स्वतः रायफल नेमबाज. २००४ मध्ये क्वालालंपूर येथील आशियाई नेमबाजी स्पर्धेच्या पात्रता फेरीत त्यांनी ४०० पैकी ४०० गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. चाळीस वेळा तीच कृती आणि चाळीसही वेळा दहा गुण! सातत्य म्हणजे काय, हे याहून निराळे सांगावयास नको.

पिस्तूल नेमबाजीत महाराष्ट्राचे नाव उज्ज्वल करणाऱ्या राही सरनोबत कोल्हापूरच्या. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या अंतिम फेरीत त्यांचे आणि थायलंडच्या एका नेमबाजाचे ३४-३४ असे समान गुण झाले. निर्णयासाठी पाच गोळ्यांची फेरी झाली. तीतही दोघींचे चार-चार नेम लागले. दुसऱ्या फेरीत राहींचे तीन नेम लागले, प्रतिस्पर्धी महिलेचे दोन. अशा रीतीने आशियाई क्रीडा स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळवणारी पहिली भारतीय महिला हा मान राहींना लाभला. या विजयात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या शेवटच्या फेरीत विजेतीचेही पाचांपैकी दोन नेम चुकले होते. सुटलेली गोळी कोणालाच परत बोलावता येत नाही. ती चुकली म्हणून खंत करीत बसणारा पुढचीही चुकवतो; आणि ती लागली म्हणून हुरळून जाणाराही पुढची चुकवतो. नेम त्यालाच साधतो, जो प्रत्येक वेळी पाय नव्याने रोवतो, दांड्यावर दृष्टी ठेवतो आणि चाप घाई न करता ओढतो.