दात काढावा की राखावा?

भोर-वेल्ह्याच्या मावळपट्ट्यात दाढ ठणकू लागली की आधी लवंग, मग मशेरी आणि शेवटी 'एकदाची काढून टाका', असा क्रम असतो. मात्र दाढ वरच्या जबड्यातली असेल, तर एखादे वडीलधारे माणूस हटकते : वरची दाढ काढू नये, नजर जाते. या समजाला हसण्याआधी त्याचे मूळ पाहावे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, मुखरोगांवरील 22 व्या अध्यायात, वरचा दात हलत असला तरी वैद्याने काढू नये, असे सांगितले आहे. अतिरक्तस्रावाने माणूस काणा होतो, तोंड वाकडे होते, ही त्यामागची भीती. त्याच अध्यायात दुसरी बाजूही आहे : ज्या दाताशी पू वाहणारी नाडी झाली तो दात काढावा, नाहीतर ती जबड्याचे हाड पोखरते. तिथेही वरचा दात अपवादच. काढण्याचा धोका आणि ठेवण्याचा धोका तोलायचा, ही दृष्टी मात्र त्यात आहे.

तराजू तोच राहिला, वजने बदलली. 1846 मध्ये बॉस्टनच्या मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची भूल जाहीरपणे दाखवली. पुढे जागेवरची भूल आणि प्रतिजैविके आली. वरच्या दातांची संवेदना नेणारी नस आणि दृष्टीची नस वेगवेगळ्या आहेत. दात पडण्याचे आणि नजर मंदावण्याचे वय बहुधा एकच, म्हणून एकाचे खापर दुसऱ्यावर फुटते.

मग दात काढायचा कधी? केवळ दुखतो म्हणून नव्हे. गार पाण्याने क्षणभर कळ आली, तर अनेकदा सिमेंट भरून भागते. कळ रेंगाळते, रात्री झोपू देत नाही, तेव्हा आतला गाभा वाचण्यापलीकडे गेलेला असतो. तरी रूट कॅनलने दात राखता येतो. गळू झाले तरीही पुष्कळदा हेच खरे. दात हिरडीखाली किडला, मूळ उभे चिरले, हाड झिजून दात वर-खाली हलू लागला किंवा अक्कलदाढ पुन्हापुन्हा सुजू लागली, की काढणेच शहाणपणाचे. निर्णयाआधी एक्स-रे हवा. मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. जबड्याखाली सूज येऊन तोंड उघडेना, गिळता येईना, तर उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

खरी अडचण पुढेच आहे. रूट कॅनलला बहुधा दोन-तीन खेपा लागतात, वर टोपीचा खर्च. दात काढणे एका खेपेत उरकते. भातलावणीच्या दिवसांत तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीतून तालुक्याला किंवा पुण्याला जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे. त्यामुळे वाचू शकणारी दाढही निघते. नंतर शेजारचे दात त्या फटीकडे कलतात, समोरची दाढ लांबते, भाकरी एकाच बाजूने चावावी लागते.

म्हणून खुर्चीत बसताच एक प्रश्न विचारावा : 'डॉक्टर, हा दात राखता येईल का, आणि त्याला किती खेपा लागतील?' उत्तर ऐकून काढायचे ठरले, तरी ते आपण ठरवलेले असेल. एसटीच्या वेळापत्रकाने नव्हे.