येझदी, लुना आणि पूर्व भागातला खडखडाट

सोलापुरात 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली आणि शहर भोंग्यावर जगू लागलं. माझ्या लहानपणी कानात दोनच आवाज असायचे: पूर्व भागातल्या यंत्रमागांचा खडखडाट आणि वडिलांच्या येझदीचा.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनलेली ही अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक गाडी. दोन बाजूंना दोन सायलेन्सर. तिची खरी गंमत पायाशी होती. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक व्हायचा! पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकावं लागे. तो वास मला आजही फार आवडतो.

पण कष्टाची गाडी म्हणाल तर लुनाच. 1972 ला पुण्याच्या कायनेटिकने आणलेली, पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी नेता येणारी. साखर पेठेत, अशोक चौकात चादरी-टॉवेलचे गठ्ठे लादलेल्या लुना सतत दिसायच्या.

येझदीचं उत्पादन 1996 ला थांबलं. तुमच्या घरी एखादी धूळ खात उभी असेल, तर कृपया भंगारात देऊ नका. जुना मेकॅनिक गाठा, कार्ब्युरेटर साफ करून घ्या आणि तिचा फोटो इथे नक्की टाका.