कलिंगचा अनुताप, कराडचे दान
(कृष्णाकाठच्या खुणा : लेखांक ६)

कराडजवळ जखिणवाडीच्या वर आगाशिवाचा डोंगर आहे. माथ्यावर शंकराचे देऊळ, आणि डोंगराच्या अंगाखांद्यावर साठाच्या आसपास बौद्ध लेणी. लेणे दिसले की ‘पांडवांनी एका रात्रीत कोरले’ म्हणून मोकळे व्हायचे, ही आपली जुनी सवय. सम्राट अशोकाचे मनपरिवर्तनही आपण असेच एका रात्रीत उरकतो. रणांगण, प्रेतांचा खच, हातातून गळलेली तलवार, आणि सकाळी राजा बौद्ध!

अशोकाने स्वतः दगडावर लिहून ठेवलेली हकिकत इतकी झटपट नाही.

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर, इ.स.पू. २६१ च्या सुमारास, त्याने कलिंग जिंकले. तेराव्या शिलालेखात आकडे त्याचेच आहेत : दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट पुढे मेली. जिंकणाऱ्याने आपल्या विजयाचा हिशेब असा खंतावून मांडल्याचे उदाहरण प्राचीन जगात विरळाच. पण त्याच लेखात तो जंगलातल्या टोळ्यांना बजावतो, की पश्चात्ताप झाला असला तरी शिक्षा करण्याचे बळ अजून हातात आहे. कलिंगही त्याने परत केले नाही. कलिंगात, म्हणजे आजच्या ओडिशातल्या धौली आणि जौगड इथे, तर हा लेख कोरलाच नाही. तिथे अधिकाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना आहेत. ज्यांच्यावर घाव घातला, त्यांच्या दारात तो आकडा त्याने लिहिला नाही.

बौद्ध होणेही टप्प्याटप्प्याने झाले. आपण उपासक झालो, पण वर्षभर फारसा जोर लावला नाही. संघाच्या सहवासात आल्यावर मात्र नेटाने लागलो, अशी कबुली लघुशिलालेखांत आहे. त्यांपैकी ज्यांत ‘अशोक’ हे नाव स्पष्ट येते, त्यांतला मस्कीचा लेख १९१५ मध्ये सापडला. कराडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा पोटात घेऊन कृष्णा कर्नाटकात उतरते. पुढे तिच्या आणि तुंगभद्रेच्या दुआबात, रायचूर जिल्ह्यात मस्की आहे. राजाच्या मुदपाकखान्यातला बदलही असाच टप्प्याटप्प्याने झाला. पूर्वी तिथे रोज लाखो जीव मारले जात, ते दोन मोर आणि एका हरणावर आले. हरीणही रोज नाही. हेसुद्धा पुढे बंद होईल, असे पहिल्या शिलालेखात आश्वासन आहे.

महाराष्ट्रात या बदलाचा पुरावा नालासोपाऱ्यात मिळाला. तिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आधीचे राजे शिकारीच्या सहलींना जात. आपण अभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, हा त्या लेखाचा विषय. ब्राह्मण-श्रमणांच्या भेटी, वृद्धांना दान, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलणे, असा या दौऱ्यांचा कार्यक्रम होता.

सातारा-सांगलीत अशोकाचा शिलालेख सापडलेला नाही. श्रीलंकेतला ‘महावंस’ हा ग्रंथ सांगतो की अशोकाच्या काळात महाधम्मरक्खित नावाच्या थेरांना, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंना, ‘महारट्ठा’त पाठवले गेले. पण हा ग्रंथ अशोकानंतर सुमारे सातशे वर्षांनी रचलेला. भक्कम पुरावा हवा तर कराडकरांच्या दानाकडे वळावे लागते.

मध्य प्रदेशात भरहुतच्या स्तूपावर ‘करहकट’च्या निगमाने, म्हणजे नगरसंस्थेने, दिलेल्या दानाची नोंद आहे. करहकट म्हणजे आपले कराड. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर हजारेक किलोमीटर भरते. आगाशिवाच्या एका लेखात गोपालाचा मुलगा संघमित्र याने लेणे दान दिल्याचे लिहिले आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत करहाकडचा, म्हणजे कराडचाच, महिक आपली ओळख देतो : ‘लोहवाणिय’, लोखंडाचा व्यापारी. दानाला शब्द आहे ‘देयधम’ आणि गुहेला ‘लेण’. सोपाऱ्याच्या दगडावर राजाच्या तोंडी असलेला ‘धम्म’ इथे वाण्याच्या तोंडी आला, आणि ‘वाणी’ व ‘लेणे’ हे दोन्ही शब्द तर आपण आजही वापरतो.

महिकाच्या गाठीला दानापुरता पैसा आला, तो ज्या व्यापारी वाटांवरून, त्यांतली एक शिरवळच्या लेण्यांजवळून जाते. पुढच्या आठवड्यात त्या वाटेने.