गाण्याचा पत्ता

पाचशे गाण्यांच्या प्लेलिस्टची फाइल संगणकावर किती जागा घेत असेल? गाणी चार-पाच मिनिटांची धरली तर ती यादी सलग दीड दिवस वाजेल. आणि फाइल? ओळीला ऐंशी रोमन अक्षरं धरली तर जेमतेम चाळीस किलोबाइट. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत एवढ्या जागेत गाण्याचे अडीच सेकंद मावतात. तंबोऱ्याचं एक आवर्तनसुद्धा पुरं व्हायचं नाही!

कारण प्लेलिस्टमध्ये गाणं नसतंच. एक सूरही नसतो. असतात ते फक्त पत्ते, एका ओळीत एक. विश्वास बसत नसेल तर ‘एम३यू’ प्रकारची एखादी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. सी ड्राइव्ह, त्यात म्युझिक नावाचं फोल्डर, त्यात मराठी, त्यात अमुक गाणं. ओळ संपली. खाली पुढचा पत्ता. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत एमपीथ्रीवर काम झालं. त्याच मंडळींनी १९९५ मध्ये विंडोजसाठी ‘विनप्ले३’ हा प्लेअर काढला आणि ही यादी त्याच्यासाठी बेतली. १९९७ मध्ये विनॲम्प आला आणि ती जगभर पसरली. पुढे कुणाला वाटलं, पत्त्याबरोबर गायकाचं नाव आणि गाण्याची लांबीही हवी. मग त्यांनी काय केलं? ही माहिती हॅशच्या (#) चिन्हाने सुरू होणाऱ्या वेगळ्या ओळीत लिहिली. ज्या प्लेअरला ती समजते तो वाचतो. ज्याला समजत नाही तो हॅश दिसला की पुढच्या ओळीवर जातो. नवं आलं, पण जुनं मोडलं नाही. एवढी सुबक युक्ती सॉफ्टवेअरच्या जगात क्वचित बघायला मिळते.

मग इतकी साधी यादी पेनड्राइव्हवर घालून गाडीतल्या स्टिरिओला जोडली की गप्प का होते?

‘मारुतीच्या देवळावरून डावीकडे वळा, पिठाच्या गिरणीसमोरचा जिना चढा.’ पत्ता चोख आहे, पण त्याच गावात. दुसऱ्या गावी देऊळ असेल, गिरणी नसेल. स्टिरिओच्या गावात ‘सी ड्राइव्ह’ नावाची वस्तूच नाही. याउलट ‘इथून दोन घरं सोडून’ असा पत्ता दिला, म्हणजे यादी जिथे आहे तिथपासूनची वाट सांगितली, तर यादी आणि गाणी मिळून कुठेही हलली तरी पत्ता खरा राहतो. याद्यांचं रूपांतर करणारी बरीचशी सॉफ्टवेअरं मुळात एवढंच करतात: जुन्या पत्त्याचा पहिला तुकडा कापून नवा चिकटवतात. नोटपॅडमधल्या ‘फाइंड अँड रिप्लेस’नेही पाच मिनिटांत जमतं.

जमतं खरं, पण त्या पत्त्यांमध्ये एक तिरकी रेघ असते. विंडोजमध्ये ती डावीकडे कललेली (\), आणि मॅक, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे उजवीकडे (/). हे असं उलटं का?

यासाठी १९८१ मध्ये जावं लागतं. आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याच्या डॉस प्रणालीत फोल्डर हा प्रकारच नव्हता. सगळ्या फाइली एका फ्लॉपीवर, एकाच ढिगात. फोल्डर नाहीत तर त्यांना विभागणारी रेघ कशाला हवी? म्हणून उजवीकडे कललेली रेघ आज्ञांचे पर्याय लिहायला वापरून टाकली. १९८३ मध्ये डॉसची दुसरी आवृत्ती आली, फोल्डर आले, आणि लक्षात आलं की युनिक्स प्रणाली वापरते ती रेघ आपल्याकडे आधीच दुसऱ्या कामाला लागलेली आहे. मग उरली ती उलटी रेघ घेतली. फ्लॉपी गेली, डॉस गेलं, पण आज तुमच्या गाण्यांची यादी विंडोजवरून लिनक्सवर न्यायची तर प्रत्येक ओळीतली प्रत्येक रेघ उलटी करावी लागते, चाळीस वर्षांपूर्वी एका चिन्हाची जागा अडली होती म्हणून!

आणि रेघ तरी दिसते. ओळीच्या शेवटी जे असतं ते दिसतही नाही. टेलिप्रिंटरवर नवी ओळ सुरू करायची तर कामं दोन: छपाईचं डोकं डावीकडे परत आणायचं आणि कागद वर सरकवायचा. दोन कामं, दोन संकेत. विंडोज आजही ओळीच्या शेवटी दोन्ही लिहितं, लिनक्स एकच. जास्तीचा तो अदृश्य संकेत एखाद्या साध्याभोळ्या प्लेअरला फाइलच्या नावाचाच भाग वाटतो आणि गाणं डोळ्यांसमोर असूनही तो ‘सापडलं नाही’ म्हणतो.

मराठी नावांची गंमत याहून खोल आहे. संगणक अक्षर साठवतो ते बाइट नावाच्या आकड्यांत, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ‘यूटीएफ-८’ पद्धतीत तीन बाइट लागतात. ही पद्धत केन थॉम्पसन या प्रोग्रॅमरने १९९२ मध्ये, सप्टेंबरच्या सुमारास, न्यू जर्सीतल्या एका साध्या खाणावळीत ताटाखाली घालायच्या कागदावर आखली. समोर त्याचा सहकारी रॉब पाइक बसला होता. आज जगातल्या बहुतेक वेबपानांचा मजकूर त्या कागदावरच्या आखणीप्रमाणे लिहिला जातो! जुने प्लेअर मात्र एका बाइटला एक युरोपीय अक्षर समजून वाचतात. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो, त्यामुळे यादी बिघडली की डोक्यावर तिरकी मात्रा असलेला फ्रेंच ‘ए’ (à) दर दोन चिन्हांआड पुन्हा हजर. ‘एम३यू८’ या नावातला आठ हा यूटीएफ-८ मधलाच. फाइलच्या नावात तो दिसला की हुशार प्लेअर समजतो, इथे तीन-तीन बाइट एकत्र वाचायचे.

आता ‘वाऱ्यावर’ हा शब्द बघा. त्यातला ‘ऱ्य’ पडद्यावर एकच दिसतो, पण तो साठवायच्या तऱ्हा तीन आहेत. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन पाय मोडता येतो. साधा ‘र’ घेऊन, पाय मोडून, पुढे न दिसणारा एक जोडक ठेवता येतो. आणि मॅकची जुनी फाइल-व्यवस्था तर ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि खालचा नुक्ता असे दोन भाग करून ठेवायची. डोळ्यांना तिन्ही सारखेच. प्लेअरला डोळे नाहीत, तो बाइट जुळवतो. यादीतला ‘वाऱ्यावर’ आणि फोल्डरमधला ‘वाऱ्यावर’ वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेले असतील तर तासभर टक लावून पाहिलंत तरी चूक सापडणार नाही, कारण दिसण्यासारखी चूक त्यात नाहीच.

यादीचे इतरही घाट आहेत. विंडोज मीडिया प्लेअरचा वेगळा, आणि २००४ च्या सुमारास निघालेला ‘एक्सएसपीएफ’ वेगळा. या शेवटच्या प्रकारात वेळ सेकंदांऐवजी मिलिसेकंदांत लिहितात. रूपांतर करणारा हजाराने भागायला विसरला की साडेतीन मिनिटांचं भावगीत अठ्ठावन्न तासांचं दिसू लागतं.

पण थोडं थांबून विचार करा. पत्ता कितीही दुरुस्त केला तरी तो घराचाच ना? त्या घरात कोण राहतं हे कुठे लिहिलंय?

जुन्या आयपॉडची डिस्क उघडून बघणाऱ्यांना हा प्रश्न पडलाच असेल. त्यात ‘एफ००’, ‘एफ०१’ अशी फोल्डर आणि आत चार-चार अक्षरांची अर्थहीन नावं घेतलेल्या फाइली. तरीही त्या संगणकावर आणल्या की गाण्यांची खरी नावं झळकतात. कशी? नाव गाण्याच्या पोटातच लिहिलेलं असतं. १९९६ मध्ये एरिक केम्प नावाच्या प्रोग्रॅमरने एमपीथ्रीच्या शेपटाला १२८ बाइटची एक चिठ्ठी जोडायची कल्पना काढली. शेवटाला अशासाठी, की जुन्या प्लेअरची गाणं वाजवून झाल्यावरच तिच्याशी गाठ पडावी. त्यात गाण्याचं नाव ३० बाइट, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्षाला चार, असं काटेकोर वाटप.

तीस बाइट इंग्रजी नावाला पुरेसे. देवनागरीत लिहायचं म्हटलं तर? ‘सुधीर फडके’: नऊ चिन्हं आणि एक मोकळी जागा, अठ्ठावीस बाइट. बसलं! ‘आशा भोसले’: पंचवीस, ऐसपैस. ‘लता मंगेशकर’: ल, त, काना, म, अनुस्वार, ग, मात्रा, श, क, र. दहा चिन्हांचे तीस आणि मधल्या जागेचा एक. एकतीस! लतादीदी एका बाइटने राहतात. शेवटच्या ‘र’चे तीनपैकी दोनच बाइट आत जातात, आणि दोन बाइटचा ‘र’ कुणालाच वाचता येत नाही. म्हणजे हे छोटं खोकं आपल्या लिपीसाठी बनलेलंच नव्हतं. दोन वर्षांत नवी, ऐसपैस चिठ्ठी आली, ती फाइलच्या सुरुवातीला बसते आणि तिच्यात नाव हवं तेवढं लांब लिहिता येतं.

आता तर फाइलच गेली. स्पॉटिफायवरची तुमची यादी ॲपल म्युझिकवर न्यायची आहे, पण तुमच्याकडे फोल्डर नाही, पेनड्राइव्ह नाही. स्पॉटिफायकडे प्रत्येक गाण्याची बावीस अक्षर-अंकांची खूण आहे, आणि तिला ॲपलच्या दारात काडीची किंमत नाही. इथे मदतीला येतो आयएसआरसी, म्हणजे १९८६ च्या आंतरराष्ट्रीय मानकातून आलेला बारा अक्षरांचा ओळख-क्रमांक. तो ध्वनिमुद्रणाचा असतो, गाण्याचा नव्हे. तेच भावगीत त्याच गायिकेने पुन्हा गायलं तर क्रमांक वेगळा. त्यात वर्षाचे दोन आकडे असतात, पण ते क्रमांक दिल्याचं वर्ष सांगतात, म्हणून साठच्या दशकातल्या गाण्यावर एकविसाव्या शतकाचा शिक्का बसू शकतो! शिवाय जुनी गाणी निरनिराळ्या संग्रहांतून पुन्हा निघतात आणि एकाच मुद्रणाला कधी कधी दोन-तीन क्रमांक चिकटतात.

क्रमांक जुळला नाही की रूपांतर करणारं सॉफ्टवेअर नावांकडे वळतं, आणि आपल्याकडची नावं म्हणजे कहरच. एकीकडे कलाकार म्हणून गायिका, दुसरीकडे संगीतकार. एकीकडे नुसतं गाणं, दुसरीकडे कंसात चित्रपटाचं नाव. रोमन लिपीत ‘ळ’ कसा लिहायचा यावर तर दोन माणसांचंही एकमत नाही. म्हणून दोन नावं ‘सारखी आहेत का’ हा प्रश्न सोडून ‘किती अक्षरं बदलली की सारखी होतील’ असं विचारतात. हे अंतर मोजायची रीत व्लादिमीर लेवेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडली. त्याच्या डोळ्यांपुढे गाणी नव्हती, संदेश पाठवताना होणाऱ्या चुका होत्या. तरीही शास्त्रीय संगीतापुढे ही रीतही हात टेकते. तोच गायक, तोच राग, तीच बंदिश, मैफली पाच. नावात तसूभर फरक नाही. सॉफ्टवेअर मग लांबी तपासतं, आणि अठ्ठेचाळीस मिनिटांच्या यमनाऐवजी बेचाळीस मिनिटांचा गळ्यात मारत नाही, एवढंच.

एक वाट उरते, आणि मला ती सगळ्यात अद्भुत वाटते. नाव, गाव, क्रमांक काहीही विचारायचं नाही, सरळ गाणं ऐकायचं. लुकाश लालिन्स्की या प्रोग्रॅमरने लिहिलेलं ‘क्रोमाप्रिंट’ हे सॉफ्टवेअर हेच करतं, आणि ते सगळ्यांना फुकट वापरता येतं. त्याचे ‘कान’ काय टिपतात पाहा. गाण्याचे बारीक बारीक, एकमेकांवर चढलेले तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या सुराचा जोर किती हे मोजायचं. मंद्र, मध्य, तार हा भेद सोडून द्यायचा, सगळी सप्तकं एकावर एक ठेवायची. उरतात किती सूर? बारा. हार्मोनियमच्या एका सप्तकात पांढऱ्या आणि काळ्या मिळून असतात तेवढेच! तबला आहे की ड्रम, आवाज कुणाचा, हे यंत्राला ठाऊक नसतं. बारा खणांत जोर कसा सरकत गेला एवढ्यावरून ते आकड्यांची माळ ओवतं. गाण्याची पहिली दोन मिनिटं पुरतात. मग फाइलचं नाव पुसा, चिठ्ठी फाडा, एमपीथ्रीचं दुसऱ्या कुठल्या प्रकारात रूपांतर करा, माळ जवळजवळ तीच येते. पट्टी बदलून गायलात तर मात्र ते ओळखणार नाही, कारण ‘सा’ म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. आपल्या घरातली आजी ओळखेल.

आणि ती १९९५ ची साधी यादी? ती अडगळीत गेली असं वाटत असेल तर मोबाइलवर थेट चाललेला क्रिकेटचा सामना आठवा. २००९ मध्ये ॲपलने थेट प्रक्षेपणाची एक पद्धत आणली: चित्र काही-काही सेकंदांच्या तुकड्यांत चिरायचं आणि तुकड्यांचे पत्ते एका यादीत लिहायचे. यादीचा प्रकार कोणता? एम३यू८. तशाच हॅशने सुरू होणाऱ्या ओळी, तसेच एकाखाली एक पत्ते. फोन दर थोड्या सेकंदांनी यादी नव्याने मागवतो. खाली ताजे पत्ते जोडलेले असतात, वरचे शिळे गळून गेलेले असतात. चित्र किती स्पष्ट, त्याप्रमाणे वेगवेगळ्या याद्या असतात आणि त्या सगळ्यांच्या वर एक याद्यांची यादी. लोकल बोगद्यात शिरली आणि चित्र धूसर झालं की समजा, फोनने मुकाट्याने यादी बदलली. सामना आणि त्यानंतरच्या गप्पा संपल्या की तळाशी ‘यादी समाप्त’ अशा अर्थाची एक ओळ येते, तीही हॅशनेच सुरू होणारी. ती दिसेपर्यंत फोन यादी मागवतच राहतो, मग मध्येच पाऊस येऊन खेळ दोन तास थांबला तरी.