साठीनंतरचं गोल्फ: मोजणी बदला, खेळ ठेवा

गोल्फमध्ये एक पराक्रम असा आहे, जो विशीतल्या खेळाडूला करताच येत नाही. अठरा होलची फेरी आपल्या वयाच्या आकड्याइतक्या किंवा त्याहून कमी फटक्यांत संपवायची, हा तो पराक्रम. बहुतेक मोठ्या मैदानांवर निष्णात खेळाडूकडून ७० ते ७२ फटक्यांची अपेक्षा असते. त्यामुळे साठीच्या माणसाला हे जवळपास अशक्य असतं. सत्तरीत ते अवघड राहतं, आणि ऐंशीत, अंग साथ देत असेल तर, आवाक्यात येतं. प्रत्येक वाढदिवसाला एका फटक्याची सवलत मिळते.

अमेरिकेचे सॅम स्नीड यांनी १९७९ मध्ये क्वाड सिटीज ओपन स्पर्धेत हे करून दाखवलं. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. एका फेरीत त्यांनी ६७ फटके घेतले आणि शेवटच्या फेरीत ६६. अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक मालिकेत वयाइतक्या फटक्यांत फेरी पूर्ण करणारे ते पहिले खेळाडू. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगर यांची गोष्ट अगदी अलीकडची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिकलबॉल खेळताना त्यांच्या टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी फिनिक्समध्ये ज्येष्ठांच्या मालिकेतली हंगामाची अखेरची स्पर्धा जिंकली. तिच्या शेवटच्या तिन्ही फेऱ्या त्यांनी वयाइतक्या किंवा त्याहून कमी फटक्यांत पूर्ण केल्या.

स्नीड आणि लँगर हे जगातले अव्वल खेळाडू. पण वयाबरोबर मोजपट्टीच बदलायची, ही कल्पना गोल्फने सामान्य हौशी खेळाडूसाठीही फार बारकाईने राबवली आहे. ती समजून घेण्यासारखी आहे, आणि ज्यांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नाही त्यांच्याही उपयोगाची आहे.

रत्नागिरीकरांच्या तर नक्कीच. या जिल्ह्यातला कमावता माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेला. २०११ च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या, त्यामागचं मोठं कारण हेच. नोकरी संपली की यातले अनेकजण गावाकडे परततात. त्यामुळे ज्येष्ठांचं प्रमाण इथे राज्याच्या सरासरीहून जास्त आहे. भाट्याच्या किनाऱ्यावर पहाटे चालणारे, मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी गप्पांना जमणारे, यांच्यात एकेकाळी हिरिरीने क्रिकेट, कबड्डी, बॅडमिंटन खेळलेली माणसं सापडतात. यातल्या बहुतेकांचा खेळ पन्नाशीच्या आसपास सुटलेला असतो. गुडघे हे एक कारण असतं. दुसरं कारण सहसा बोललं जात नाही: पूर्वीसारखं जमत नाही, आणि पूर्वीच्या आपल्याशी रोज हरायला कुणालाच आवडत नाही.

साहेबाचा खेळ

भारतात गोल्फ इंग्रजांबरोबर आलं. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, म्हणजे ब्रिटनबाहेरच्या सर्वांत जुन्या क्लबांपैकी एक. महाराष्ट्रात हा खेळ मुंबई, पुणे, नाशिक आणि लष्करी छावण्यांभोवती रुजला. नाशिकच्या मध्यवस्तीतल्या ज्या मैदानावर रणजी करंडकाचे सामने झाले, त्याला लोक अजून 'गोल्फ क्लब मैदान' म्हणतात. त्याचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनवर २१ डिसेंबर १९०९ रोजी गोळ्या झाडणारे कान्हेरे मूळचे खेड तालुक्यातले, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचेच.

आज चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, पुण्यात येरवड्याचं मैदान, खडकवासला आणि देवळालीची लष्करी मैदानं इथे पहाटेपासून खेळ सुरू होतो. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. त्याच स्पर्धेत उतरलेला अनिर्बन लाहिरीही पुण्यात जन्मलेला. पण आठवड्याच्या मधल्या दिवशी यातल्या कुठल्याही मैदानावर गेलं, तर पांढऱ्या केसांचीच गर्दी जास्त दिसते. निवृत्त लष्करी अधिकारी, डॉक्टर, उद्योजक चौघाचौघांच्या गटाने निघतात आणि चार तासांनी परततात. चेंडू पूर्वीइतका लांब जात नाही, हे त्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

आकडा का छळतो

गोल्फचा मूळ हिशेब सोपा आणि निष्ठुर आहे. प्रत्येक होलला 'पार' ठरलेला असतो, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागणारे फटके: तीन, चार किंवा पाच. अठरा होलचे सगळे फटके जोडले की झाला स्कोअर. यात माफी नाही. एका होलवर चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला आणि दहा फटके गेले, तर ते दहाच्या दहा कार्डावर चढतात आणि उरलेल्या सतरा होलवर डोक्यात बसतात.

वय वाढतं तसा काठीचा वेग कमी होतो, कारण कंबर आणि खांदे पूर्वीइतके वळत नाहीत. वेग घटला की अंतर घटतं. पूर्वी दोन फटक्यांत जिथे ग्रीन, म्हणजे होलभोवतीची हिरवळ, गाठता येत होती, तिथे तीन लागतात. चूक काहीच झालेली नसते, तरी प्रत्येक लांब होलवर एक फटका वाढतो. चाळिशीत नव्वदच्या आत फेरी संपवणारा माणूस सत्तरीत शंभरी ओलांडतो आणि कार्ड खिशात दडवतो. कित्येकजण इथेच काठ्या माळ्यावर टाकतात.

एका डॉक्टरची युक्ती

या दुखण्यावरचा नामी उपाय इंग्लंडमधल्या एका शल्यविशारदाने शोधला. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी १८९८ मध्ये वेल्समधल्या ग्लॅमॉर्गनशर क्लबवर गुणांची एक पद्धत करून पाहिली आणि १९३२ मध्ये लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबवर तिला पक्कं रूप दिलं. त्यांनी फटके मोजण्याऐवजी गुण मोजले. पारपेक्षा एक फटका जास्त लागला तर एक गुण, पार केला तर दोन, पारपेक्षा एक कमी लागला तर तीन, दोन कमी लागले तर चार. पारपेक्षा दोन किंवा अधिक फटके जास्त झाले की शून्य. शून्याच्या खाली काही नाही.

याला जोड हँडिकॅपची. खेळाडूच्या कुवतीनुसार त्याला काही फटक्यांची सूट मिळते आणि गुण ती सूट वजा करून मोजले जातात. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू आहे. शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठ फेऱ्यांवरून आकडा ठरतो. स्त्री असो वा पुरुष, तो जास्तीत जास्त ५४ पर्यंत जाऊ शकतो. खेळ उतरला की हँडिकॅप वाढतो, म्हणजे सूटही वाढते.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते पाहू. समजा, सत्तरीतल्या एका निवृत्त शिक्षकांना २४ फटक्यांची सूट आहे. अठरा होलवर प्रत्येकी एक, आणि सर्वांत अवघड सहा होलवर आणखी एकेक. पहिला होल पार चारचा, मध्यम अवघड, सूट एक. सरांचा पहिलाच फटका वाळूत जातो. बाहेर काढायला तीन प्रयत्न लागतात, आणि सहा फटके झाले तरी चेंडू होलच्या बाहेरच असतो. सातव्यात गेला तरी सूट वजा जाता सहा, म्हणजे पारपेक्षा दोन जास्त आणि गुण शून्य. सर चेंडू उचलतात, खिशात टाकतात आणि पुढे चालू लागतात. दुसरा होल पार तीनचा. चार फटके, सूट एक, उरले तीन: दोन गुण. तिसरा होल लांबलचक, पार पाचचा, अवघड सहांपैकी एक, म्हणून सूट दोन. सर सहा फटक्यांत संपवतात. हिशेबाला उरतात चार, पारपेक्षा एक कमी, तीन गुण. तीन होलमध्ये पाच गुण झाले आणि वाळूतला तो फजितवाडा मागे राहिला.

अठरा होलमध्ये ३६ गुण झाले, तर खेळाडू आपल्या कुवतीइतकं खेळला. सरांचे ३७ झाले आणि बरोबरच्या तिशीतल्या तरुणाचे ३४, तर जिंकले सर. ही तरुणाने दाखवलेली दया नसते. दोघांनी आपापल्या कुवतीच्या तुलनेत किती चांगला खेळ केला, याचा तो चोख निकाल असतो. बॅडमिंटनच्या कोर्टवर किंवा क्रिकेटच्या मैदानावर आजोबा आणि नातू असे बरोबरीने लढू शकत नाहीत. गोल्फमध्ये लढतात.

फटक्यांची बेरीज टाळायच्या आणखी वाटा आहेत. 'मॅच प्ले'मध्ये दोघेजण एकेक होल जिंकतात किंवा हरतात. एखाद्या होलवर कितीही फटके गेले, तरी गमावला जातो एकच होल. २०१९ च्या नव्या नियमांनी प्रत्येक होलला फटक्यांची कमाल मर्यादा घालायची मुभा स्पर्धांना दिली. नऊ होलची फेरीही हँडिकॅपसाठी धरली जाते. सगळ्यांत साधा बदल मात्र पायाखालचा आहे: पुढच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या होलच्या अधिक जवळच्या जागेवरून, सुरुवात करायची. २०११ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रमुख गोल्फ संस्थांनी खेळाडूंना आपल्या फटक्याच्या लांबीप्रमाणे टी निवडायचं आवाहन केलं. मागच्या टीचा अभिमान सोडला की सत्तरीतही पारची संधी पुन्हा समोर येते.

शरीराचा हिशेब

अठरा होल पायी खेळले की साधारण आठ-दहा किलोमीटर चाल होते. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटने सुमारे तीन लाख गोल्फ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. त्याच वयाच्या, लिंगाच्या आणि आर्थिक स्तराच्या इतरांपेक्षा त्यांचा मृत्युदर ४० टक्के कमी दिसला, म्हणजे सुमारे पाच वर्षांचं जादा आयुष्य. मुळात धडधाकट माणसंच गोल्फ खेळत राहतात, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचायला हवा. फिनलंडमधला २०२३ चा अभ्यास लहान, पण नेमका आहे. पासष्टीपुढच्या २५ निरोगी खेळाडूंना कधी अठरा होल खेळायला लावलं, कधी सहा किलोमीटर चालायला, तर कधी दोन्ही हातांत टेकण्याच्या काठ्या घेऊन तेवढंच अंतर चालायला. रक्तदाबाला तिन्हींचा फायदा झाला. रक्तातली साखर आणि चरबी यांबाबत गोल्फ सरस ठरलं, बहुधा जास्त वेळ आणि जास्त अंतर चालल्यामुळे.

कार्डावरच्या आकड्याने नाउमेद होऊन खेळ सोडणारा माणूस हे सगळं गमावतो. चार तासांची संगत गमावतो ती वेगळीच.

धावपटू मिल्खा सिंग यांनी शर्यती संपल्यावर गोल्फची काठी हातात घेतली आणि उतारवयापर्यंत ते चंडीगडच्या मैदानावर रमले. कपिल देव यांनी क्रिकेटनंतर हाच खेळ धरला. २०१८ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, जपानमधल्या आशिया-पॅसिफिक ज्येष्ठ हौशी स्पर्धेसाठी त्यांची भारताकडून निवड झाली. त्याच वयाचे टॉम वॉटसन २००९ मध्ये टर्नबेरीला ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या होलपर्यंत आघाडीवर होते. खुब्याचा सांधा बदलून तेव्हा त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्या होलवर एक फटका जास्त लागला आणि जादा होलमध्ये स्ट्युअर्ट सिंकने बाजी मारली. आज ती स्पर्धा बहुतेकांच्या लक्षात आहे ती वॉटसन यांच्यामुळे.

रत्नागिरीत काय करता येईल

गोल्फ अजून खर्चिक आहे, सदस्यत्वाच्या कुंपणात आहे आणि कोकणापासून लांब आहे. ज्याला चव घ्यायची त्याने पनवेलकडे जाताना सिडकोच्या खारघर व्हॅली मैदानाची चौकशी करावी, किंवा गोव्यात काणकोणच्या बाजूला गेल्यावर तिथल्या हॉटेलच्या मैदानाची. काठ्या भाड्याने मिळतात का ते आधी फोनवर विचारावं, नऊच होल ठरवावेत, पुढच्या टीवरून खेळावं आणि गुणांची पद्धत वापरावी.

पण गोल्फची मोजणी इथे आणायला गोल्फचं मैदान लागत नाही. रत्नागिरीत कॅरमचे पट कसलेल्या हातांनी गजबजलेले असतात, बॅडमिंटनची कोर्ट आहेत, तालुक्या-तालुक्यांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. साठीपुढच्या खेळाडूला डावाच्या सुरुवातीला वयानुसार ठरावीक गुण देऊन तरुणांबरोबर खेळवणारी स्पर्धा कुठलंही मंडळ भरवू शकतं. चालणाऱ्यांचा गट वेळेऐवजी महिन्यातली हजेरी मोजू शकतो. यासाठी एक वही आणि नियम पाळणारा एक चोख माणूस पुरेसा आहे. येत्या गणेशोत्सवात एखाद्या मंडळाने कॅरमच्या स्पर्धेत असा एक गट ठेवून पाहावा, आणि ज्यांनी खेळ सोडला आहे त्यांनी त्यात आपलं नाव नोंदवावं.