निळी रेषा, लाल रेषा आणि नदीकाठची मळी



जुलै महिना लागला की आकाशवाणीवर, वर्तमानपत्रांत आणि आता मोबाईलवरही काही शब्द सारखे कानावर पडू लागतात. विसर्ग, इशारा पातळी, फुगवटा, पूररेषा. आपण त्यांचा अर्थ 'पाणी वाढत आहे' एवढाच घेतो आणि जनावरे सोडायला धावतो. वास्तविक या शब्दांचा खरा उपयोग उन्हाळ्यात आहे. घराचा पाया खणण्यापूर्वी, विहीर पाडण्यापूर्वी, आणि विशेष म्हणजे भावाभावांत वाटणी होण्यापूर्वी. थोरल्याला गावठाणाजवळचे रान आणि धाकट्याला नदीकडची पट्टी, अशी वाटणी अनेक घरांत होते. धाकटा मग त्याच पट्टीत कर्ज काढून घर बांधतो. त्या घराचे पुढे काय होणार, हे हेच शब्द सांगतात. म्हणून ते नीट समजून घेऊ.

पहिला शब्द पूरपट्टा. प्रत्येक नदीला दोन पात्रे असतात. एक रोजचे, दोन काठांमधले. दुसरे म्हणजे काठांपलीकडचे सपाट रान, जेथे ती काही वर्षांनी एकदा येते. या दुसऱ्या पात्राला पूरपट्टा म्हणतात. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठी या रानाला मळी असे नाव आहे. (साखर कारखान्यातली मळी ती वेगळी!) मळीत ऊस जोमाने येतो, कारण ती माती नदीनेच पुरात आणून टाकलेली असते. ज्या गाळामुळे जमिनीला भाव येतो, तोच गाळ सांगत असतो की नदी येथे येऊन गेली आहे. 'आमच्या आजोबांनी इथे पाणी पाहिले नाही' असे कोणी म्हणाले, तर तेथे पाच फूट खड्डा घेऊन पाहावा. थरावर थर गाळ दिसला, तर आजोबांच्या आधीची साक्ष तेथे आहे.

आता पूररेषा. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने १९८९ मध्ये एक परिपत्रक काढून नदीकाठी दोन रेषा ठरविल्या. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोचतो ती निळी रेषा. नदीच्या नेहमीच्या पात्रात मावणाऱ्या पाण्याच्या दीडपट पाणी आले तर ते जेथवर जाईल, तेही पाहतात आणि दोहोंपैकी मोठा पूर धरतात. सरासरीने १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. दोन्ही काठांच्या निळ्या रेषांच्या आतला भाग निषिद्ध क्षेत्र. तेथे शेती, बाग, खेळाचे मैदान असा मोकळा वापर चालतो, घरे नकोत. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला भाग नियंत्रित क्षेत्र. तेथे बांधकामाला अटी असतात. जोते पुराच्या पातळीच्या वर घ्यावे, पाणी वाहायला वाट ठेवावी, अशा प्रकारच्या.

केंद्र सरकारने १९७५ मध्येच या विषयावर एक नमुना कायदा तयार करून सर्व राज्यांना पाठविला होता. तसा कायदा केला तो मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी. तेव्हा सीमेच्या अलीकडे असो वा पलीकडे, सरकारी माणूस येऊन आपल्या बांधावर निळा दगड रोवील याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो '२५ वर्षांतून एकदा' या शब्दांचा. २०१९ मध्ये मोठा पूर येऊन गेला, आता २०४४ पर्यंत काळजी नाही, असा हिशोब पुष्कळ जण करतात. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, तो हिशोब वाहून गेला. त्याआधीचा मोठा पूर २००५ चा. सतरा पावसाळ्यांत तीन वेळा कृष्णाकाठ बुडाला.

याचे कारण भिशीच्या उदाहरणाने कळेल. भिशीत एकदा आपली चिठ्ठी निघाली की ती बाजूला ठेवतात. पुन्हा आपला नंबर लागत नाही. नदीच्या भिशीत चिठ्ठी परत मडक्यात टाकली जाते. २५ चिठ्ठ्यांपैकी एकीवर 'पूर' लिहिले आहे, दर वर्षी एक काढायची, पाहायची आणि परत टाकायची. गेल्या वर्षी 'पूर' निघाला म्हणून यंदा तो निघणार नाही असे नाही. असा हिशोब केला तर निळ्या रेषेवरच्या घरात २० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत निदान एकदा पाणी शिरण्याची शक्यता शंभरात ५६ भरते. निम्म्याहून जास्त! रेषेच्या आत नदीकडे जावे तशी ती आणखी वाढते. लाल रेषेवरच्या घराला त्याच २० वर्षांत ती शंभरात १८ आहे. ज्या पैजेत हरण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, तिच्यावर कोणी शहाणा शेतकरी बैलजोडीही लावणार नाही. मग घर कसे लावावे? शिवाय हा आकडा मागच्या पावसावरून काढलेला असतो. थोड्या दिवसांत कोसळून पडणारा पाऊस आता वाढत चालला आहे, तेव्हा तो आकडाही थोडा जपूनच घ्यावा.

विसर्ग म्हणजे धरणातून किंवा नदीतून दर सेकंदाला वाहणारे पाणी. ते क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. धरणातला साठा टीएमसीत सांगतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दोहोंची सांगड अशी : सुमारे ११,५०० क्युसेक पाणी दिवसभर सोडले की एक टीएमसी होते. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावते. तेथून ५०,००० क्युसेक सोडल्याची बातमी आली तर दिवसाला चार टीएमसीहून अधिक पाणी खाली निघाले असे समजावे. त्यात वारणा, पंचगंगा, दूधगंगा यांचे पाणी वाटेत मिळत जाते. धरण आहे म्हणून पूर येणार नाही, ही समजूत चुकीची आहे. धरण भरल्यावर जेवढे पाणी आत येते, तेवढे सांडव्यावरून बाहेर सोडावेच लागते.

इशारा पातळी आणि धोका पातळी या ठराविक पुलावर किंवा बंधाऱ्यावर मोजतात. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ त्या ४० आणि ४५ फूट आहेत. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३ फूट. २०१९ मध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांवर आणि कोल्हापुरात ५५ फुटांवर गेले होते. पण हे आकडे त्या पुलाचे आहेत, आपल्या दाराचे नव्हेत. आपल्याजवळच्या पुलावर किती फूट झाले की आपल्या गल्लीत पाणी येते, तो आकडा प्रत्येक घराने स्वतः नोंदवून ठेवावा. घर सोडायचे ते त्या आकड्याच्या दोन फूट आधी, आणि दिवसाउजेडी. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरात अडकलेल्यांना नेणारी नाव उलटली आणि अनेक माणसे बुडाली. उशिरा निघणाऱ्याला नावेवर विसंबावे लागते. जनावरे बांधून तर कधीच जाऊ नये. नेता येत नसतील तर दावी कापून सोडावीत.

फुगवटा हा शब्द आपल्याकडे भांडणाचा झाला आहे. पुढे पाणी अडले की मागे चढते, तो फुगवटा. अलमट्टी धरणात सध्या ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठवितात. ही पातळी ५२४.२५६ मीटर करण्यास दुसऱ्या कृष्णा लवादाने २०१० मध्ये मान्यता दिली आणि महाराष्ट्राचा तिला विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र त्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नाही; अतोनात पाऊस आणि नदीच्या वाटेतील अडथळे ही कारणे तिने पुढे ठेवली. वाद मोठ्यांनी मिटवावा. आपल्याला रोज दिसणारा फुगवटा संगमावरचा आहे. कृष्णा तुडुंब असली की नृसिंहवाडीला पंचगंगेचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते मागे साचते. दूधगंगेचेही तसेच. ओढ्यानाल्यांचेही तेच. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकाठी येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारातील भातशेतकरी हे वर्षानुवर्षे सोसत आहेत. नाल्यालाही पूरपट्टा असतो आणि तो तर सर्वांत आधी बुजवला जातो.

येथेच भराव हा शब्द येतो. आपण आपली पट्टी चार फूट उंच केली, तर तेथले पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या रानात किंवा पलीकडच्या काठावर जाते. मग तोही भराव घालतो. असे करता करता नदीची वाट अरुंद होते, आणि तेवढ्याच पाण्याची पातळी सगळ्यांच्याच घरी चढते. रस्त्याच्या भरावात पुरेशा मोऱ्या नसल्या तर तो रस्ता बंधाऱ्यासारखे काम करतो. ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघाला की डांबराच्या जाडीआधी मोऱ्या किती, हे विचारावे.

निषिद्ध क्षेत्रातली जमीन वाया गेली असे मुळीच नाही. तेथे शेती करावी, पण बेताने. उसाचा शेंडा पाण्यावर राहिला तर पीक काही दिवस तग धरते. शेंडा बुडून पोंग्यात गाळ बसला तर तो कुजतो. सोयाबीन, भुईमूग यांना साचलेले पाणी अजिबात सोसत नाही, ती वरच्या रानात घ्यावीत. भातात स्वर्णा-सब-१ हे वाण सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही पुन्हा फुटते. मोटारपंप उचलून नेता येईल असाच बसवावा. वैरणीची गंजी आणि खताची पोती रेषेबाहेर ठेवावीत.

पूरपट्ट्यातली विहीर आणि संडासाचा शोषखड्डा पुरात एक होतात, हे घरच्या बायकांना सांगावे लागत नाही. जुलाब-काविळीची शुश्रूषा त्यांच्याच वाट्याला येते. पूर ओसरल्यावर विहिरीतील गढूळ पाणी उपसून काढावे. नवे पाणी आले की त्यात ब्लीचिंग पावडर टाकावी. स्वच्छ पाण्याला प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाणी ५ मीटर खोल असेल तर ४ × ४ × ०.७८५ × ५ म्हणजे जवळजवळ ६३ घनमीटर, ६३,००० लिटर पाणी झाले. त्याला सुमारे १६० ग्रॅम पावडर लागेल. पुरानंतर यापेक्षा जास्त लागते. किती, ते आरोग्यसेवकाकडून पाणी तपासून घ्यावे. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे पाणी विहिरीत सोडावे आणि निदान एक तास पाणी वापरू नये. पायाला जखम असेल तर चिखलात अनवाणी उतरू नये. उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोचा ताप अशा जखमेतून शिरतो.

राहिली आपल्या घरची रेषा. शाळेच्या, चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा अजून दिसत असतील किंवा म्हाताऱ्यांना आठवत असतील, तर त्या तैलरंगाने पक्क्या करून बाजूला साल लिहावे. नंतर गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्याने भरून त्यातल्या सर्वांत वरच्या खुणेची पातळी आपल्या रानातल्या एखाद्या झाडावर किंवा खांबावर आणावी. नदीच्या वरच्या-खालच्या अंगाला पाण्याला उतार असतो, म्हणून लांबच्या गावाची खूण चालणार नाही, जवळचीच घ्यावी. खांबावरच्या त्या खुणेपासून जमीन किती फूट खाली आहे, ते मोजावे. वाटणीला बसण्यापूर्वी तो आकडा सर्व भावांसमोर वाचून दाखवावा आणि उताऱ्याच्या नकलेवर पेनने लिहून ठेवावा.