ओठ फाटला, बोल ग्रहणाला

"ग्रहणात विळीवर भाजी चिरलीस, म्हणून बाळाचा ओठ फाटला." पुण्यात हे वाक्य पेठेतल्या जुन्या वाड्यात ऐकू येतं, तसंच हिंजवडीच्या टॉवरमध्येही. बोलणारे बदलतात, ऐकून घेणारी आईच असते.

याचं उत्तर जुळ्यांच्या एका जोडीनं दिलं. व्हॅन डर वूड सिंड्रोममध्ये ओठ किंवा टाळू दुभंगू शकते आणि खालच्या ओठावर बहुधा बारीक खळगे असतात. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तो होता, दुसऱ्याला नाही. आई तीच, गर्भाशय तेच, लागलं असलंच तर ग्रहणही तेच! अमेरिकेतल्या संशोधकांनी दोघांचा डीएनए ताडून पाहिला. बाधित जुळ्याच्या आयआरएफ-6 जनुकात बदल सापडला, दुसऱ्यात तो नव्हता. हे 2002 सालचं संशोधन.

"आमच्या घराण्यात कुणालाच नाही." नक्की? आयआरएफ-6 मधला असा बदल बापाकडूनही येऊ शकतो, आणि बापाच्या ओठावर टाचणी टोचल्यासारखे दोन खळगे, एवढीच काय ती खूण असू शकते. म्हणून जाणकार डॉक्टर बाळाबरोबर आईबापांचेही ओठ बघतात. बदल असलेल्या पालकाकडून तो प्रत्येक खेपेला बाळात उतरण्याची शक्यता 50 टक्के. पहिल्याला झालं म्हणून दुसरं सुटलं, असा हिशेब इथे नाही. अर्थात, फाटलेला प्रत्येक ओठ म्हणजे सिंड्रोम नव्हे. बहुतेक नसतातच.

दुसरं टोक म्हणजे, "जनुकातच आहे, आता काय करणार?" याला उत्तर ओठाच्या नव्हे, दुसऱ्या एका जन्मदोषाच्या अभ्यासातून मिळतं. पुण्यातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, डॉ. कौमुदी गोडबोले आणि सहकाऱ्यांचा मेंदू-मणक्याच्या जन्मदोषांवरचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याच्या तपासण्या सर्रास केल्या जातात, त्या एमटीएचएफआर जनुकातल्या 677 क्रमांकाच्या बदलाचा धोक्याशी संबंध दिसला नाही. दिसला तो आईच्या टीसीएन-2 जनुकातल्या बदलाचा. हे जनुक बी-12 पेशींपर्यंत पोचवणारं प्रथिन बनवतं, आणि आपल्या शाकाहारी ताटात बी-12 मुळातच तुटपुंजं. म्हणजे हाती काहीच नाही, असं नव्हे. मेंदू-मणका जिच्यातून घडतो, ती गर्भाची मज्जानलिका चौथ्या आठवड्यातच मिटते, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून हे दोष टाळण्यासाठी फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्याआधीपासूनच घ्यायची, बी-12 चं डॉक्टरांना विचारायचं.

जनुक-तपासणी केलीत आणि अहवालात सापडलेल्या बदलावर 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला, तर तो निकाल समजू नका. त्यावर गर्भाचा निर्णय तर मुळीच घेऊ नका. कागद फाइलला लावून ठेवा, दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासून घ्या. आणि जनुकीय समुपदेशनाला जाताना बाळाच्या बाबांनाही सोबत न्या.